खिलारेकाकांची परीक्षा

"अनुजा बेटा, तुझा व्हॅनवाला मान तिरकी करून गाडी चालवतो. बघितलंस कधी?"

तांबोळीचाचा पाइपने जास्वंदीला पाणी घालत होते आणि मी अंगणातल्या तारेवर चार्वीचे मोजे वाळत टाकत होते. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. चाचा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणून मिळालेला बिल्ला त्यांच्या बैठकीत नातवंडांच्या फोटोंच्याही वर टांगलेला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा ते पंचनामा करायचे. कोण क्लचवर पाय ठेवून बसलंय, कोण उगाच हॉर्न मारतंय, सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"चाचा, आता तरी ड्युटी सोडा," मी म्हटलं. "मान अवघडली असेल त्यांची."

"महिनाभर?"

"मग उशी बदलायला सांगते."

ते हसले. मीही हसले आणि मोज्यांची दुसरी जोडी शोधायला लागले.

तेव्हाची मी कशी होते ते माहीत असलेल्या कुणालाही हे खरं वाटणार नाही. चार्वी पाच वर्षांची, मोठ्या गटात. मी तिच्या डब्यातल्या एकेका द्राक्षाचे चार तुकडे करायची. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेली मी फिनाइलच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचायची. अभिजित, माझा नवरा, म्हणायचा, "ही झोपेत पण उठून गॅस बंद करून येते." शाळेच्या पहिल्या आठवड्यात मी तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवरून त्या व्हॅनच्या मागे मागे शाळेपर्यंत गेले होते, रोज.

पण व्हॅन चालवणाऱ्या खिलारेकाकांना मी त्यांच्या स्वतःबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. कॉलनीतल्या पाच घरांनी त्यांचं नाव सांगितलं होतं. अकरा वर्षं शाळेची गाडी, साधा ओरखडा नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, किती मुलं बसवता, दाराला आतून कडी आहे का, आणि पोहोचल्यावर मला फोन कराल का. दुसऱ्या दिवशी चार्वी त्यांना काका म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून मीही म्हणायला लागले. एकदा माणूस काका झाला की त्याच्याकडे कागद कसे मागणार?

चाचा बोलले त्याला दहा-बारा दिवस झाले असतील. नाताळच्या सुट्टीच्या आधीचा गुरुवार. दुपारी चार्वी घरात शिरली ती हसून हसून वाकलेली.

"आई, आज आम्ही काकांना फसवलं! मी आणि मृण्मयीनं दप्तरं बदलली. तिचं लाल मी घेतलं, माझं पिवळं तिनं."

"बरं, मग?"

"मग काका मला म्हणाले, चला मृण्मयीबाई, तुमचं घर आलं! मी आरशात बघून जीभ पण काढली. तरी मृण्मयीच! आणि खऱ्या मृण्मयीला म्हणाले, चार्वी, तू बस गप."

"अगं बाई," म्हणून मीही हसले. काकडी चिरत होते. चार काप झाल्यावर हात थांबला.

अकरा वर्षं मुलं ने-आण करणारा माणूस, चार हातांवर बसलेल्या मुलीला दप्तराच्या रंगावरून ओळखतो?

रात्रभर मी अभिजितला काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने मला झोप म्हणून सांगितलं असतं. सकाळी चार्वीला त्याच्याबरोबर फाटकात उभं केलं, त्याचं राखाडी जाकीट अंगात घातलं आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. व्हॅन वळली. मी दोन्ही हात वर करून हलवले. काका माझ्याकडे बघत बघत, मान डावीकडे थोडी तिरकी करून, माझ्या समोरून निघून गेले.

मी पळत मागे गेले. फाटकापाशी व्हॅन थांबलेली, सात मुलं आत, चार्वी पायरीवर एक पाय ठेवून.

"काका, मी कोपऱ्यावर हात करत होते."

"तुम्ही व्हय?" ते मनापासून हसले. "मला वाटलं दूधवाला हाय. जाकीट कुणाचं घातलंय?"

"काका, इंजिन बंद करा."

"का? काय झालं?"

"बंद करा आधी." मग मी अभिजितकडे वळले. "आज मुलांना तू सोड."

"मी? ही गाडी? अगं, मला नऊला पोचायचंय!"

माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्याने हातातली बॅग माझ्या हातात ठेवली. टाय खांद्यावर टाकून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मुलांना आनंद झाला. व्हॅन दोन गचके खाऊन निघाली तेव्हा आतून "अभिकाका, थर्ड टाका, थर्ड!" असा ओरडा ऐकू येत होता.

खिलारेकाका रिकाम्या हातांनी माझ्यासमोर उभे होते. पन्नाशीचा, ठेंगणा, पांढराशुभ्र शर्ट घालणारा माणूस. मी त्यांना पायरीवर बसवलं, चहा आणला आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं.

"त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"क्लासची जाहिरात हाय की. परवा लावताना बघितली मी."

"लिहिलंय काय?"

त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. कप बशीत ठेवला.

"ताई, पाटी वाचून गाडी चालवतंय का कोण? मला रस्ता पाठ हाय. तुमच्या कॉलनीतनं भायेर पडलं की सतरा आकडे मोजायचे, पहिला स्पीडब्रेकर. पुढं चिंच. चिंचेपासनं कारखान्याच्या वळणावर ट्रॅक्टर येतोय, तिथं सेकंड. देवळापाशी खड्डा, उजवीकडनं काढायची. डोळं बांधून नेईन मी पोरास्नी."

"आणि रस्त्यात काही नवीन आलं तर?"

त्यांनी पाटीकडे पाठ फिरवली. मग एकदम रागावले. कानशिलं लाल झाली.

"अकरा वरसं झाली. एका पोराचं बोट कधी दारात सापडलं न्हाई. आन् तुम्ही मला आंधळा म्हणताय? हे बघा, सरकारनं दिलंय." खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं लायसन्स काढून त्यांनी माझ्या हातात आपटलं. "डॉक्टरचा दाखला बी हाय घरी. धडधाकट म्हणून."

"डॉक्टरांनी काय तपासलं?"

"नाव इचारलं."

"आणि?"

"आन् सही केली. मान बी वर केली न्हाई. रांग होती मागं."

"आणि गाडी चालवायची परीक्षा?"

"एजंट म्हणला, तुम्ही फकस्त फोटोला या." आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं तसा राग थोडा ओसरला. मग माझ्याकडे नीट बघत, म्हणजे मान तिरकी करून बघत, त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं हाय का लायसन?"

"आहे ना. कारचं पण आहे."

"तुम्ही दिलती परीक्षा?"

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही सहा मैत्रिणी एकाच दिवशी गेलो होतो. बाबांच्या ओळखीचा एजंट होता. स्टुलावर बसलो, फोटो काढला, येताना भेळ खाल्ली. गाडीला हातही लावला नव्हता. ते कार्ड माझ्या पर्समध्ये होतं आणि मी ते बँकेत ओळखपत्र म्हणून दाखवायची.

"नव्हती दिली," मी म्हटलं.

खिलारेकाका गडगडून हसले. "मग उगा शाळा घेताय व्हय माझी! दोघंबी न बसता पास झालेली पोरं आपुन."

मलाही हसू आलं. पण मग ते हातातला कप फिरवत बसले.

"फेब्रुवारीत मुदत संपतीय माझी," ते हळू म्हणाले. "अवंदा नवीन म्याडम आल्यात आरटीओ हापिसात. शाळेच्या गाड्यावाल्यांची परीक्षा खरी घेत्यात म्हणं. डोळं तिथंच तपासायचं. कॅमेरे लावल्यात, खांब पुरल्यात. एजंटानं हात वर केलं. चार जण नापास झालं मागल्या महिन्यात." कप खाली ठेवून ते म्हणाले, "मी नापास झालो तर गाडी उभी. गाडी उभी म्हंजे मी उभा."

"डोळे तपासून येईपर्यंत गाडी काढू नका, काका. बाकीच्या घरी तुम्ही सांगता का मी सांगू?"

ते उठून गेले. मला वाटलं, हा माणूस आता आमच्या दारात पाऊल टाकणार नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी ठरलेल्या वेळी हॉर्न वाजला नाही, कडी वाजली. खिलारेकाका चालत आले होते. पांढरा शर्ट, पायात धुळीने भरलेल्या चपला. "ताई, आज गाडी न्हाई. डोळं तपासायला चाललोय. पोरीला तुम्ही सोडा." हे ते आठही घरी चालत जाऊन, प्रत्येक आईला तोंडावर सांगून आले होते. मृण्मयीची आई मला नंतर म्हणाली, "मला तर बाई रडूच आलं. आणि मग असा राग आला, म्हटलं, एवढे दिवस?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, रडू आणि राग. दोन घरांनी त्याच दिवशी दुसरी व्हॅन बघितली. तिचा ड्रायव्हर कसा बघतो, हे तिथेही कुणी विचारलं नाही.

चाचा त्यांना घेऊन गेले होते. भिंतीवरून मी सगळं सांगितलं तेव्हा 'मी म्हटलं नव्हतं का' असं चाचा एकदाही म्हणाले नाहीत. नुसती किल्ली उचलली. उजव्या डोळ्याला साडेतीन, डाव्याला पाच नंबर निघाला. चष्मा चार दिवसांनी मिळाला आणि त्या संध्याकाळी काका तो घालून कॉलनीत आले.

तो प्रसंग मला आजही शब्द न् शब्द आठवतो. मुलं भोवती जमली. काका गुडघ्यावर बसले आणि एकेकाचा चेहरा हातात धरून बघायला लागले.

"आगं, तुला नाकावर तीळ हाय व्हय?"

"मला पहिल्यापासून आहे!" मृण्मयी म्हणाली.

"आन् हा ऋग्वेद. ह्याचं दात किडल्यात की सगळं! चाकलेट बंद. आन् ही चार्वी." ते तिच्याकडे बघतच राहिले. "बापावर गेलीय गं ही. मला वाटायचं आईवर."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान सरळ.

"ताई, तुमच्या कपाळावर कायम आठी असती का?"

"का हो?"

"न्हाई, मला इतके दिवस वाटायचं, ताई फाटकात हसत उभ्या असत्यात."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मुलांनी त्यांच्या पाठीवर बुक्के मारले.

पण गाडी काही जमेना. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रविवारी सकाळी बाजारतळ मोकळा असायचा. तिथे चाचांनी चुन्याने मोठा आठचा आकडा आखला, कडेने पाण्याच्या बाटल्या लावल्या. गळ्यात शिट्टी, डोक्यावर जुनी खाकी टोपी. खिलारेकाका चष्मा लावून व्हॅनमध्ये बसले आणि पहिल्याच वळणाला तीन बाटल्या आडव्या केल्या.

"अरे, काय करतो? अकरा वर्षं म्हैस हाकलीस का?"

"चाचा, लई दिसतंय हो! समदं अंगावर येतंय."

खरंच सगळं अंगावर येत होतं त्यांच्या. लांबवर कोंबडी दिसली की ब्रेक. कुणाचा टॉवेल वाऱ्याने हलला की ब्रेक. पाठ असलेल्या रस्त्यावर जो माणूस गाणी म्हणत जायचा, तो आता दिसणाऱ्या रस्त्यावर घामाघूम होत होता. मुलं दोन्ही बाजूंनी ओरडायची, "काका, डावीकडे! काका, बाटली!" चार्वीने घरून केरसुणी आणली होती, ती आडवी धरली की सिग्नल लाल, उभी धरली की हिरवा. एकदा ती उभी धरायला विसरली आणि काका पाच मिनिटं थांबून राहिले.

"तू पण बस," चाचा मला म्हणाले.

"मी कशाला?"

"लायसन आहे ना तुझ्याकडे? अभिजित, चावी दे तिला."

अभिजितने अशा काही चेहऱ्याने चावी दिली की मी हट्टाने बसले. त्या दिवशी मी सगळ्या बाटल्या आडव्या केल्या, शिवाय चाचांची टोपी.

असे सात रविवार गेले; तोवर मुलांना आम्ही पालकच शाळेत सोडत होतो. सहाव्या रविवारी काकांनी आठ पूर्ण केला, मागे घेत दोन खांबांच्या मध्ये गाडी उभी केली, आणि एकही बाटली हलली नाही. मुलांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला. मी तोवर चार बाटल्यांवर आले होते.

परीक्षेच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. काका आणि चाचा व्हॅनमध्ये, मागून अभिजित आणि मी आमच्या कारमध्ये. काकांनी व्हॅन धुऊन मागच्या काचेवरची कार्टूनची चित्रंसुद्धा पुसली होती. परीक्षा घेणाऱ्या मॅडम तिशीच्या, कडक इस्त्रीच्या, न हसणाऱ्या. आधी डोळे. काका अंतरावरच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचून थांबले नाहीत, खालच्या छापखान्याचं नावही वाचून मोकळे झाले. मॅडमनी कागदावर खूण केली. मग ट्रॅक.

कठड्याबाहेर आम्ही तिघं उभे. आठ झाला. रिव्हर्स झालं. चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुढे काढायची होती, तेही झालं. आता फक्त सरळ पट्टा आणि बाहेर. चाचांनी शिट्टी फुंकायला खिशात हात घातला.

सरळ पट्ट्याच्या मध्यावर व्हॅन थांबली.

"अरे चल, चल!" चाचा दातओठ खात पुटपुटले. तिथे थांबायचंच नव्हतं. विनाकारण थांबला की कॉम्प्युटर गुण कापतो, एवढं आम्हाला तोंडपाठ होतं. दहा सेकंद. वीस. मग काका खाली उतरले. उतरणं म्हणजे तर संपलंच. मी अभिजितचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तो निळा पडला होता.

मॅडम ताडताड चालत गेल्या. "का थांबलात?"

काका वाकले. व्हॅनच्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर, मातीच्याच रंगाचं कुत्र्याचं पिल्लू बसलं होतं. त्यांनी ते उचलून कठड्याबाहेर सोडलं. मॅडमनी आत जाऊन कॅमेऱ्यात बघितलं. पिल्लू कुंपणाच्या तारेखालून आलं होतं, गाडी जवळ यायच्या जेमतेम काही क्षण आधी. त्या बाहेर आल्या, कागदावर सही केली आणि पहिल्यांदाच जरा हसल्या.

"पास. आणि यासाठी जास्तीचे गुण द्यायची सोय असती तर दिले असते."

चाचांनी शिट्टी फुंकली. अभिजितने काकांना मिठी मारली. मी पेढ्यांचा पुडा उघडला. पण काका पेढा हातात धरून त्या पिल्लाकडेच बघत होते.

"ताई," ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "नोव्हेंबरात असतं तर दिसलं नसतं मला ते."

मी पिल्लाकडे बघितलं. बसलेलं होतं. बुटाची नाडी बांधायला रस्त्यात खाली बसलेलं पाच वर्षांचं मूल याहून फार मोठं दिसत नाही.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. म्हणाले, "तुम्ही लई बरं केलं, जाकीट घालून उभ्या ऱ्हायला," आणि पेढा तोंडात टाकला.

मग मी मॅडमकडे गेले. मलाही चालवून बघायचंय, म्हटलं. लायसन्स आहे, पण परीक्षा कधी दिली नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि घड्याळाकडे बघून हो म्हणाल्या. मी आमच्या कारने दोन खांब पाडले, चढावर गाडी मागे घसरली आणि सरळ पट्ट्यावर बंद पडली. कठड्यापाशी चाचांनी टोपी काढून छातीशी धरली.

"नापास," मॅडम म्हणाल्या. "कार्ड तुमच्याकडे राहू दे, ते मी नाही घेऊ शकत. पण आता घरी गाडी कोण नेणार?"

"मी," अभिजित काही बोलायच्या आत खिलारेकाका पुढे आले.

चाचांनी व्हॅन घेतली आणि काकांनी आमची कार. अभिजित त्यांच्या शेजारी, मी मागे, चार्वी बसायची त्या जागी. वाटेत काका पाट्या वाचत होते. मोठ्याने, एक न् एक. "हॉटेल शिवार, शुद्ध शाकाहारी. येथे म्हशी मिळतील. गतिरोधक पुढे आहे. ताई, इथं गतिरोधकाची पाटी हाय! अकरा वरसं मी मोजत होतो." हसता हसता माझे डोळे भरून येत होते आणि मी खिडकीकडे तोंड केलं होतं.

चार्वी आता आठवीत आहे, सायकलने जाते. काका अजून व्हॅन चालवतात आणि दर वर्षी डोळे तपासतात. मी त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा ट्रॅकवर गेले, दिवाळीच्या आधी तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला मॅडमनी "पास" म्हणत हात पुढे केला. आता महिन्याच्या बाजाराला मीच गाडी काढते.

तुमच्या घरी सकाळी हॉर्न वाजत असेल. शाळेची व्हॅन असेल, रिक्षा असेल, गॅसचा टेम्पो असेल. उद्या पाच मिनिटं लवकर खाली उतरा. चालवणाऱ्या माणसाला चहा द्या आणि विचारा, डोळे शेवटचे कधी तपासले. रागावतील. चहा संपेपर्यंत तिथेच उभ्या राहा आणि पुन्हा विचारा.